अर्ध्या चेहऱ्याचं क्लीन-अप

या अंकासाठी माझ्याकडे ‘दिवाळीत चेहरा कसा उजळावा’ असा लेख मागितला गेला. संपादकबाई फोनवर फार गोड बोलल्या. “इतकी वर्षं पार्लर चालवलंत आजी, चार युक्त्या सांगा ना वाचकांना.” मी बराच विचार केला. चेहरा उजळण्याची खात्रीची युक्ती मला एकच ठाऊक आहे. हडपसर सोडायचं आणि जिथे दिवसातून एकदाच एसटी येते अशा गावी राहायला जायचं. पण मग लेख तिथेच संपतो आणि संपादकबाईंचं पान रिकामं राहतं. तेव्हा उजळण्याचं राहू द्या. मी काळवंडण्याबद्दल लिहिते, त्यातलं मला जास्त कळतं.

माझं पार्लर हायवेला लागून, पहिल्या मजल्यावर. आता मी रोज बसत नाही, जुन्या गिऱ्हाइकांपुरती एक खुर्ची ठेवली आहे. सुरुवात केली तेव्हा मी विशीतली, कमालीची आगाऊ आणि ठार अडाणी होते. लक्ष्मी रोडच्या एका गल्लीत छोटासा कोर्स केला होता. काळं म्हणजे मळ आणि गोरं म्हणजे स्वच्छ, एवढंच माझं शास्त्र. त्या शास्त्राचा पहिला प्रयोग मी स्वतःवरच केला. लग्नाच्या आदल्या दिवशी तोंडभर ब्लीच फासलं आणि भुवया वाचवायच्या असतात हे विसरले. त्या सोनेरी झाल्या, आणि त्या काळच्या फोटोत सोनेरी म्हणजे नाहीतच. माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत मला भुवया नाहीत. सासूबाई अल्बम काढून शेवटपर्यंत विचारायच्या, “तू त्या दिवशी एवढी कशाला दचकली होतीस गं?”

पुढचं समजण्यासाठी आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. आमचा सगळा पुरावा कापसात असतो. चेहऱ्याला दुधासारखं क्लेन्झर लावायचं, गोल गोल चोळायचं, ओल्या कापसाने पुसायचं. आणि मग तो कापूस गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धरायचा. “बघा, काय निघालं!” कोर्सला हे कुणी शिकवत नाही, पण प्रत्येक पार्लरवाली करते. कापूस पाहिलेली बाई क्लीन-अपवर थांबत नाही, फेशियल करूनच उठते.

माझ्या सुरुवातीच्या काळात कापूस पिवळट निघायचा. घाम, टाल्कम पावडर आणि माती. हडपसरला तेव्हा भाजीचे मळे होते, बायका तिथली माती घेऊन यायच्या, आणि माती कशी, पुसली की जाते. मग रस्ता रुंद झाला, पूल आला, पुलाखाली सिग्नल आला आणि कापूस करडा झाला. आता तो तव्याच्या बुडासारखा निघतो. आणि हे एका पुसण्यात जात नाही, कारण या काजळीला तेलकट चिकटपणा असतो. नाकाच्या बाजूंना, हनुवटीच्या खळीत, केसांच्या कडेला ती घर करून बसते. एका बाईंनी तो कापूस पिशवीत घालून घरी नेला. नवरा म्हणायचा, रोज अंघोळ करतेस, मग पार्लर कशाला? पुढच्या वेळी आल्या तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले? बाई म्हणाल्या, “म्हणाले, हा साबणाच्या कंपनीला दाखव, मला काय दाखवतेस?”

खराडीच्या ऑफिसांतल्या मुली येऊ लागल्या तशी विचारणा सुरू झाली, “आजी, अँटी-पोल्यूशन फेशियल आहे का?” मी म्हटलं, आहे की. दुसऱ्या दिवशी पाटी लावली. तेच दूध, तोच कापूस, वर काकडीचा एक काप जास्त. त्यांच्या ऑफिसात म्हणे हवा गाळून सोडतात. पण ऑफिसला पोचेपर्यंत जी हवा नाकातोंडात जाते ती कुणी गाळत नाही. त्या बिचाऱ्या पुण्याच्या रिवाजाप्रमाणे तोंडाला स्कार्फ गुंडाळून यायच्या, फक्त डोळे दिसायचे. स्कार्फ सोडला की डोळ्यांभोवती काळा चष्मा! आणि तोच स्कार्फ आठवडाभर न धुता वापरायच्या, म्हणजे बाहेरची काजळी नेमाने गालावर घासायची सोय.

अशातच एक दिवस पल्लवी आली. वर चढून दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “आजी, फक्त डावीकडचं कराल का? अर्ध्या चेहऱ्याचं?”

“का गं, उजवीकडचा कुणाला भाड्याने दिलायस?”

ती हसली नाही. खुर्चीत बसली आणि मी दिवा पुढे ओढला. उजवा गाल पंचविशीतल्या मुलीचा, नितळ. डावा गाल मात्र पेन्सिलीने छाया भरल्यासारखा. कपाळाच्या कडेपासून जबड्यापर्यंत डाग, हाताला खरखरीत, जबड्याशी बारीक पुरळ, डोळ्याच्या कोपऱ्यात सुरकुत्या. समोरून बघितलं तर थोरली आणि धाकटी अशा दोन बहिणी एकाच चेहऱ्यात बसल्या होत्या.

“तू काम काय करतेस?”

“पीयूसी काढते. पुलाखाली व्हॅन आहे ना आजी, ती आमची.”

व्हॅन मला ठाऊक होती. माझ्या स्कूटरची पीयूसी मी तिथेच काढत असे, पण व्हॅनवर ती कायम स्कार्फमध्ये, त्यामुळे चेहरा कधी बघितलाच नव्हता. पीयूसी म्हणजे गाडी प्रमाणाबाहेर धूर सोडत नाही असा दाखला. रस्त्याच्या कडेला व्हॅन उभी करतात, आत कॉम्प्युटर. गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालायची, इंजिन चालू ठेवायचं, आकडे येतात, नंबर प्लेटचा फोटो निघतो, दाखला छापून हातात. पल्लवी व्हॅनच्या मागच्या उघड्या दारात बसायची, पाठ व्हॅनकडे आणि डावा गाल रस्त्याकडे. शिवाय दर गाडीमागे सायलेन्सरपाशी वाकायचं. व्हॅन वडिलांची. वडील वारल्यावर ही बसू लागली. धाकटा भाऊ इंजिनियरिंगला, आई घरी. घर या व्हॅनवर चालायचं.

“आई स्थळासाठीचे फोटो उजवीकडूनच काढायला लावते,” ती म्हणाली. “सगळ्या फोटोंत मी खिडकीतून बाहेर बघतेय. दोन्ही गाल सारखे करून द्या आजी. मग मी सरळ बघेन.”

गोरी करा म्हणणाऱ्या शेकड्यांनी आल्या. सारखी करा म्हणणारी ही पहिलीच.

मी वाफ दिली, स्क्रब केलं, कापूस काळाकुट्ट निघाला. सवयीने तो तिच्यासमोर धरला. ती बघत राहिली आणि म्हणाली, “हा तर नापास.” नंतर हा आमचा खेळच झाला. दर वेळी मी कापूस दाखवायची आणि ती निकाल सांगायची. पास एकदाही झाला नाही. गाल दोन दिवस चकाकायचा, मग चुरचुरायचा, मग आधीपेक्षा काळा. “अजून जोरात घासा ना आजी,” ती म्हणायची. एकदा घासताना तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी हात थांबवला. तिला हाताला धरलं आणि खाली नेलं.

आमच्या पार्लरच्या बरोबर खाली त्वचेच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. आम्हा दोघींचं जुनं गोड वैर. मी बिघडवते आणि त्या दुरुस्त करतात, असं त्या सांगायच्या. त्या नुसतं दुरुस्त करतात आणि मी सुंदर करते, असं मी सांगायची.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून गाल पाहिला. मग भिंग माझ्या हातात दिलं. “बघा आपणच. घासून घासून गिलावा उडवलात तुम्ही.”

मग त्यांनी पल्लवीला समजावलं. कातडीच्या वरच्या अंगाला एक पातळ थर असतो, भिंतीला गिलावा असावा तसा. धुरातले कण इतके बारीक असतात की ते या गिलाव्याला भेगा पाडतात आणि त्यांच्याबरोबर आलेली रसायनं आत उतरतात. आत आग होते. कुणाला त्याने खाज सुटते, कुणाला पुरळ येतं, आणि कातडी वेळेआधी म्हातारी होते ती होतेच. “आणि आग झाली की कातडी स्वतःला वाचवायला रंग तयार करते. हा काळेपणा मळ नाही. ती कातडीने उघडलेली छत्री आहे. वरून ऊन आहेच. आणि तुमच्या या आजी छत्री घासून काढायला निघाल्यात.”

माझं सगळं शास्त्रच मोडीत निघालं होतं. भुवया घालवणाऱ्या त्या विशीतल्या मुलीपेक्षा मी फार शहाणी झाले आहे, असा माझा तोवर समज होता.

स्क्रब बंद, ब्लीच बंद, वाफ बंद. साध्या पाण्याने तोंड धुणं, एक मलम, उन्हाचं क्रीम, रोज धुतलेला स्कार्फ. शेवटी बाई म्हणाल्या, “आणि धुरापासून लांब राहायचं. बाकी सगळं केलंत आणि हे नाही केलंत तर उपयोग शून्य.”

“लांब म्हणजे किती?” पल्लवीने विचारलं.

“काम काय करता?”

“पीयूसी.”

बाईंचा लिहिता हात थांबला. “म्हणजे गाड्या तपासून पास करता.”

“हो.”

“सगळ्या पास होतात?”

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “होतात बहुतेक,” ती म्हणाली.

“मग धूर नसणारच तुमच्याकडे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागद फाडून तिच्या हातात दिला. “हे दुसऱ्या कशाने तरी झालं असेल.”

हडपसरमध्ये पीयूसीची एक पद्धत आहे, ती पुलाखालच्या सगळ्यांना माहीत असते. गाडी धुराचे लोट सोडत असेल तर नळी आत घालायची नाही, नुसती टेकवायची. आकडे आज्ञाधारकपणे खाली येतात. गिऱ्हाईक म्हणतं, “होऊन जाऊ दे ना ताई,” आणि होऊन जातं. नाही म्हटलं तर थोड्या अंतरावर दुसरी व्हॅन आहेच. माझ्या म्हाताऱ्या स्कूटरचं दर वेळी असंच होऊन जायचं.

त्यानंतर काही दिवसांनी माझी पीयूसी संपली. मी स्कूटर नेली आणि पल्लवीशी गप्पा मारत उभी राहिले. तिने वाकून नळी पार आतपर्यंत सारली. स्कूटरने ढेकर द्यावी तसा धूर सोडला.

“आजी, नापास.”

“अगं, मी आहे!”

“तुम्ही नाही, गाडी नापास आहे. दुरुस्त करून आणा.”

“इतकी वर्षं तुझा गाल पुसला मी.”

“इतकी नाही आजी, पाच-सहा वेळा,” ती शांतपणे म्हणाली. “आणि जे पुसलंत ते आलं कुठून?”

मला इतका राग आला की मी स्कूटर वळवली आणि थेट दुसऱ्या व्हॅनकडे निघाले. ती मध्येच बंद पडली. त्या पापातून मला माझ्या स्कूटरने वाचवलं, माझं त्यात काही कर्तृत्व नाही. मेकॅनिकने इंजिन उघडून पाहिलं, झाकण परत लावलं आणि माझ्याकडे सांत्वनाला आल्यासारखं पाहिलं. तेव्हापासून ती इमारतीखाली उभी आहे. कबुतरं बसतात.

पल्लवी माझ्याशीच अशी वागली असती तर मी रुसून बसले असते. पण ती सगळ्यांशी तशी वागू लागली. मी पार्लरच्या खिडकीतून बघायची. एकदा एका टेम्पोवाल्याचा आवाज वरपर्यंत आला.

“ताई, मागच्या टायमाला पास होती की हीच गाडी!”

“तेव्हा मी नळी बाहेर धरली होती.”

“मंग आता बी धरा की! मी कुठं नको म्हणतोय?”

दोघंही थोडं हसले. मग टेम्पो दुसऱ्या व्हॅनकडे गेला. एकेक करून सगळेच गेले. तिच्या व्हॅनमागची रांग आटली आणि पुढच्या व्हॅनमागे ती सिग्नलपर्यंत वाढली. रस्त्यावरचा धूर होता तेवढाच राहिला, कारण नापास झालेली प्रत्येक गाडी थोडं पुढे जाऊन पास होत होती.

पण एक गोष्ट झाली. सायलेन्सरपाशी वाकायला आता गाडीच येत नव्हती. पल्लवी व्हॅनच्या आतल्या बाजूला सरकून बसायची. मलम चालू होतं, स्कार्फ रोज धुतलेला असायचा. हळूहळू तिचा डावा गाल निवळू लागला. पुरळ गेलं, खरखर गेली. एक दिवस ती नुसतीच वर आली, खिडकीच्या उजेडात उभी राहिली आणि म्हणाली, “बघा.” डाग होते, पण पुसट. मी तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. जवळजवळ सारखे होते.

त्याच आठवड्यात तिची आई आली. जिना चढून धाप लागलेली, पण बसायला तयार नाही.

“तुम्ही माझ्या पोरीला काय सांगितलंत?”

“मी नाही हो, खालच्या डॉक्टरीणबाईंनी,” मी लगेच म्हणाले. शूर बाई आहे मी.

“गाल बरा झाला. दिसतोय मला. पण तो गाल घेऊन आता बसायचं कुठे, तेवढं सांगा. दिवसाला एखादी गाडी येते. पोराची फी कोण भरणार?”

मी चहा करू का विचारलं. त्या म्हणाल्या, “चहा काय, घरी पण आहे,” आणि निघून गेल्या.

व्हॅन विकली गेली. पुढच्या व्हॅनवाल्यानेच घेतली. आता पुलाखाली त्याच्या दोन व्हॅन उभ्या असतात आणि दोन्हींपुढे रांग असते. पल्लवीचा फोन लागेना. मी मनाशी म्हणायचे, पोरगी धुरातून सुटली. कुठेतरी आत, पंख्याखाली, खुर्चीत बसली असेल.

ती खरंच आत बसली होती. माझी नात खराडीला नोकरी करते. एका संध्याकाळी ती म्हणाली, “आजी, तुझी पीयूसीवाली आमच्या ऑफिसच्या बेसमेंट पार्किंगला आहे. तिकिटाच्या केबिनमध्ये. तुला विचारत होती.”

मी नातीच्या मागे लागून एकदा गेले. उतारावरून खाली शिरताच मला ठसका लागला. वर काचेची इमारत, झाडांच्या कुंड्या, गाळलेली हवा. खाली ट्यूबलाइट आणि कधी न निवळणारा धूर. खिडकी नाही, वारा नाही. छताला मोठे पंखे होते, त्यातला एक फिरत होता. मधोमध काचेची केबिन. एका बाजूच्या खिडकीशी आत येणाऱ्या गाड्या थांबायच्या, दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बाहेर जाणाऱ्या. दोन्ही खिडक्या तिकीट देण्याघेण्यासाठी उघड्या. मध्ये पल्लवी, युनिफॉर्ममध्ये. युनिफॉर्मवर स्कार्फ चालत नाही.

“आजी!” ती इतकी खूश झाली की मागच्या गाडीने हॉर्न दिला. “इथे ऊन नाही बघा. पगार वेळेवर. भावाचं शेवटचं वर्ष आहे, निघेल आता.”

“आणि हवा?”

“हवा काय, सगळीकडे तीच,” ती म्हणाली आणि डावीकडच्या खिडकीतून एकाला तिकीट देऊन उजवीकडच्या खिडकीकडे वळली.

परवा, गणपती उठल्यावर, ती पार्लरमध्ये आली. भावाला नोकरी लागली होती, पेढे आणले होते. पेढ्यांचा डबा माझ्या हातात देऊन ती खुर्चीत बसली, मान मागे टेकली आणि म्हणाली, “या वेळी पूर्ण चेहऱ्याचं करा आजी.”

मी दिवा पुढे ओढला. हनुवटीला धरून तिचा चेहरा एकीकडे वळवला, मग दुसरीकडे. कपाळाच्या कडेपासून जबड्यापर्यंत डाग, इकडेही आणि तिकडेही. पुरळ, खरखर, डोळ्यांच्या दोन्ही कोपऱ्यांत सुरकुत्या. थोरली बहीण सगळा चेहरा घेऊन बसली होती. धाकटीचा पत्ता नव्हता.

“सारखे झाले ना?” डोळे मिटून ती म्हणाली. “आई आता फोटो कुठूनही काढते.”

मी स्क्रबच्या डब्याला हात लावला नाही. वाफेचं भांडंही बाहेर काढलं नाही. कोमट पाण्यात कापूस भिजवला, पिळला आणि अगदी हलक्या हाताने, लहान मुलाचं तोंड पुसावं तसा तिच्या गालांवरून फिरवला. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. ती झोपेला आल्यासारखी सैल पडली होती.

“आजी,” डोळे न उघडताच ती म्हणाली, “सांगा. पास की नापास?”

“पास,” मी म्हटलं, आणि कापूस मुठीत दाबून धरला.